संडासवाटे रक्त जातं का? हा प्रश्न विचारायला शिकू या

(मिशनच्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव ‘मोठ्या आतड्याचा कर्करोग : जनजागृती’ असं छापलंय. ते वाचून तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल, की हा तर शहरातल्या खाऊनपिऊन सुखी माणसांचा आजार. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कुपोषण आहे, क्षयरोग आहे, सर्पदंश आहे, सिकलसेल आहे. त्यात या आजारासाठी अर्धा दिवस कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

जगाचा विचार केला तर हा छोटा आजार नाही. २०२२ सालच्या अंदाजानुसार जगभरात वर्षाला सुमारे १९ लाख लोकांना तो होतो आणि सुमारे ९ लाख लोक त्याने दगावतात. भारतात त्याचं प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा बरंच कमी आहे, हेही खरं. पण आपल्याकडे दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. एक, तरुण वयातले रुग्ण तिकडच्या तुलनेत जास्त प्रमाणात सापडतात. दुसरी, आपल्या बऱ्याच रुग्णांची गाठ आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात, म्हणजे गुदाशयात असते. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

मिशनच्या कामाशी नातं असलेली एक हकिकत सांगतो. डेनिस बर्किट नावाचे एक आयरिश शल्यविशारद होते. लहानपणी अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता. श्रद्धाळू ख्रिस्ती माणूस. त्यांनी युगांडात कंपालाच्या मुलागो रुग्णालयात अनेक वर्षं शस्त्रक्रिया केल्या. त्यांच्या लक्षात आलं, की इंग्लंडमध्ये रोज दिसणारे आतड्याचे आजार आफ्रिकेच्या खेड्यांत फारसे दिसत नाहीत. मग त्यांनी ठिकठिकाणच्या मिशन रुग्णालयांना पत्रं लिहून विचारलं, की तुमच्याकडे असे रुग्ण किती येतात? उत्तरं गोळा झाली. १९७१ साली त्यांनी लिहिलं, की खेड्यातला माणूस कोंड्यासकट धान्य, कंद, शेंगा, पाला खातो, त्यामुळे त्याला साफ होते आणि मळ आतड्यात फार वेळ पडून राहत नाही. हेच त्याचं संरक्षण असावं. नंतरच्या संशोधनात या विचारात काही दुरुस्त्या झाल्या. पण चोथायुक्त अन्नाने, अख्ख्या धान्याने या कर्करोगाचा धोका कमी होतो, हे आज सर्वसाधारणपणे मानलं जातं.

आता हे आपल्या ताटाशी ताडून पाहा. नागलीची भाकर, वरईचा भात, उडीद, कुळीथ, पावसाळ्यातली शेवळं, टाकळा, कंटोळी. तुमच्या आजीचं जेवण बर्किट यांनी पाहिलेल्या जेवणासारखंच होतं. आज पाड्यावरच्या दुकानात काय टांगलेलं असतं? पाच-दहा रुपयांची कुरकुरीत पाकिटं, मैद्याची खारी, बिस्किटं. नागली लावणारे कमी झाले, रेशनचा पांढरा तांदूळ दोन्ही वेळा आला. तंबाखू आणि विडी तर आहेच, आणि दारूही आहे. दारू, मग ती मोहाची असो की बाटलीतली, आणि विडी या दोन्हींनी हा धोका वाढतो. शहरात सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस वाढलंय. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते कर्करोगकारक ठरवलं. आपल्याकडे तो प्रश्न अजून मोठा नाही. आपल्याकडे प्रश्न आहे तो चांगलं ताट हातचं जाण्याचा.

पण ‘आपल्याकडे कमी दिसतो’ याचं आणखी एक कारण असू शकतं, आणि त्यासाठीच मी आज आलोय. जे तपासलंच जात नाही, ते दिसतही नाही. पाड्यावर एखादा माणूस सहा महिने खंगतो आणि जातो. लोक म्हणतात, रक्त आटलं, पोटाचं काहीतरी होतं. त्याची नोंद कर्करोग म्हणून कुठेच होत नाही.

हा आजार कसा वाढतो ते थोडक्यात सांगतो. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. त्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी मसासारखी छोटी वाढ होते. तिला पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप वाईट नसतात. पण काहींचं हळूहळू कर्करोगात रूपांतर होतं, आणि त्याला बहुधा दहाएक वर्षं लागतात. दहा वर्षं! साप चावला तर आपल्याला मिनिटं मोजावी लागतात. इथे आजार आपल्याला वर्षांची मुदत देतो. पॉलिप असतानाच दुर्बिणीने काढून टाकला, तर त्यातून होणारा कर्करोग होतच नाही. आणि कर्करोग झाला तरी तो आतड्यापुरताच असताना सापडला, तर अमेरिकेतल्या आकडेवारीप्रमाणे दहापैकी नऊ जण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. तोच यकृतात, फुप्फुसात पसरल्यावर सापडला, तर दहापैकी जेमतेम एक-दोघे. आजार तोच, फरक फक्त कधी सापडला याचा.

म्हणूनच काही देशांत धडधाकट माणसांचीही तपासणी करतात. जपानमध्ये १९९२ पासून चाळिशीवरच्या लोकांच्या शौचाची तपासणी होते. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात आहे का, हे पाहतात. इंग्लंडमध्ये २००६ पासून या तपासणीचं पाकीट सरकार टपालाने घरी पाठवतं. अमेरिकेत तपासणी सुरू करण्याचं वय ५० होतं, ते २०२१ मध्ये ४५ वर आणलं. याचा उपयोग होतो का? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ४६ हजारांहून अधिक लोकांवर मोठा अभ्यास झाला. १९९३ मध्ये त्याचा निष्कर्ष आला, की दरवर्षी शौचाची तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. साध्या, स्वस्त तपासणीने!

आपल्या देशात तिशीनंतर तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा अशा तीन कर्करोगांची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. तुम्हीच ती करता. मोठ्या आतड्याचा कर्करोग त्यात नाही. आपल्याकडे त्याचं प्रमाण कमी आहे, आणि शौचात रक्त सापडलेल्या प्रत्येकाची दुर्बिणीने तपासणी करायची तर तेवढी साधनं आणि तेवढे डॉक्टर ग्रामीण भागात नाहीत. शिवाय आपल्याकडे आव, अंकुशकृमी, मूळव्याध यांमुळेही ही तपासणी सदोष येऊ शकते. त्यामुळे पाड्यावरच्या प्रत्येकाला डबी वाटा, असं मी सांगणार नाही.

मी सांगणार आहे ते याहून सोपं आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. ज्याला त्रास सुरू झालाय, तो लवकर ओळखा. त्याला दोन गोष्टी आड येतात. एक लाज, आणि दुसरी ‘मूळव्याध’ हा शब्द.

लाजेबद्दल आधी बोलू. आपण खोकला विचारतो, ताप विचारतो, पाळी विचारतो. झाड्याबद्दल विचारायचं म्हटलं की आपणच मान खाली घालतो. मग पेशंट कसा बोलेल? मिशनच्या दवाखान्यात मी महिन्यातून दोनदा येतो. तिथे एक बाई आल्या होत्या, पंचेचाळिशीच्या. मुलगा सोबत होता. पोट दुखतं, एवढंच सांगत होत्या. सिस्टरने मुलाला बाहेर बसवलं, पडदा ओढला आणि हळूच विचारलं, तेव्हा कळलं, की आठ महिन्यांपासून रक्त जात होतं. मुलासमोर कसं सांगायचं म्हणून त्या गप्प होत्या. बाजाराच्या दिवशी बोर्ड लावून बसणाऱ्या एकाकडे त्यांनी दोनदा ‘मूळव्याधीचा’ इलाज करून घेतला होता. पैसे गेले, रक्त थांबलं नाही. आठ महिन्यांत त्यांची आतून तपासणी कोणीही केली नव्हती. मी हातमोजा घालून बोटाने तपासलं तर गाठ बोटालाच लागली. बोटाला! दुर्बीण नको, सोनोग्राफी नको. मघाशी म्हटलं ना, आपल्याकडे बऱ्याच गाठी गुदाशयात असतात? त्यांतल्या कितीतरी बोटाच्या टप्प्यात असतात. या बाईंचा आजार तोवर यकृतात गेला होता. पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही.

आता दुसरी अडचण, मूळव्याध. हा शब्द वाईट नाही. संडासवाटे रक्त जाणाऱ्या बहुतेकांना खरोखरच मूळव्याध किंवा चीर असते, कर्करोग नसतो. त्यामुळे कोणालाही घाबरवू नका. पण मूळव्याध हे तपासून सांगायचं निदान आहे, अंदाजाने नाही. मूळव्याधीचं रक्त बहुधा लालभडक असतं आणि शौचानंतर थेंबथेंब पडतं. गाठीचं रक्त शौचात मिसळलेलं, शेंबडासारख्या आवेबरोबर येऊ शकतं, कधी काळपट असतं. पण केवळ रंगावरून कोणी खात्री देऊ नये. एकाच माणसाला मूळव्याधही असू शकते आणि वर गाठही.

आव पडते म्हणून गोळ्या घेतल्या, आठवड्यात बरं वाटलं, तर ठीक. महिना झाला, गोळ्यांचे दोन कोर्स झाले आणि तरी आव, रक्त चालूच आहे, तर तिसरा कोर्स देण्याआधी तपासणीला पाठवा.

तिसरी एक गोष्ट आहे, ती खास आपल्या भागाची. अंगात रक्त कमी असणं इथे इतकं नेहमीचं आहे, की त्याचं आपल्याला काही वाटेनासं झालंय. बाई असेल तर पाळी, बाळंतपणं. कोणीही असेल तर सिकलसेल, जंत, खाणं कमी. आपण लाल गोळ्या देतो. पण पन्नाशीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन अचानक सातवर का आलं? त्याला पाळी येत नाही. सिकलसेल जन्मापासून असतो, तो पन्नाशीत नव्याने सुरू होत नाही. मग रक्त जातंय कुठे? मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ असेल, तर रक्त थोडं थोडं झिरपतं आणि डोळ्यांना दिसतही नाही. पाय सुजणं, चढ चढताना दम लागणं, एवढंच दिसतं.

वीटभट्टीवरून परतलेल्या एका माणसाच्या बाबतीत आपल्याच एका सेविकाताईंनी हे हेरलं. त्यांच्या वहीत दिसत होतं, की या दादांना लाल गोळ्यांचं हे तिसरं पाकीट आहे आणि रक्त वाढत नाही. सिकलसेलची तपासणी निगेटिव्ह होती. जंताची गोळी देऊन झाली होती. ताईंनी चिठ्ठीवर एकच ओळ लिहिली : ‘तीन वेळा गोळ्या देऊनही रक्त वाढत नाही, कारण शोधावं.’ दुर्बिणीने तपासल्यावर उजव्या बाजूला गाठ निघाली. ती आतड्यापुरतीच होती. शस्त्रक्रिया झाली. हे दादा आता शेतावर आहेत. ही चिठ्ठी लिहिणाऱ्या ताई आज इथे बसल्या आहेत. नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून घेत नाही.

लाल गोळ्यांवरून एक सूचना. लोहाची गोळी सुरू असताना शौचाचा रंग काळा होतो. ते रक्त नव्हे, गोळीचा परिणाम आहे. घाबरू नका, पेशंटलाही सांगा. मात्र गोळी सुरू नसताना डांबरासारखं काळं, चिकट होत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा.

आता तुम्ही काय करायचं? घरभेटीत चाळिशीवरच्या प्रत्येकाला चार प्रश्न विचारा.

पहिला : संडासवाटे रक्त किंवा आव जाते का, आणि किती दिवसांपासून?

दुसरा : परसाकडे जाण्याची सवय गेल्या महिन्या-दोन महिन्यांत बदलली का? कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, किंवा जाऊन आलं तरी पोट साफ झालं नाही असं वाटणं?

तिसरा : काही कारण नसताना वजन घटलं का, दम लागतो का, अशक्तपणा वाढला का?

चौथा : आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का?

पहिल्या तिनांपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल आणि त्रास तीन आठवड्यांहून जास्त असेल, तर डॉक्टरांकडे पाठवा. चिठ्ठीवर स्पष्ट लिहा, ‘पी.आर. तपासणी व्हावी.’ पी.आर. म्हणजे बोटाने करायची तपासणी. एक मिनिट लागतं. बाई असेल तर खोलीत सिस्टर हवी, पडदा हवा. पेशंट चाळिशीच्या आतला आहे म्हणून ‘तुला कसला कर्करोग’ असं म्हणून परत पाठवू नका. रक्त चालूच राहिलं, अंगातलं रक्त कमी झालं, तर वय पाहू नका.

चौथ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर त्या माणसाला काही त्रास नसला तरी दुर्बिणीने तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोलायला सांगा. अशा घरात चाळिसाव्या वर्षी, किंवा नातेवाइकाला ज्या वयात आजार झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तपासणी करावी असा सल्ला देतात. भावाला पंचेचाळिसाव्या वर्षी झाला असेल, तर पस्तिसाव्या वर्षी.

दुर्बिणीच्या तपासणीची लोकांना धास्ती असते. काय होतं ते आधीच सांगितलं तर निम्मी भीती जाते. आदल्या दिवशी पातळ खायचं, मग पोट साफ करायचं औषध पाण्यातून प्यायचं. ही रात्र थोडी त्रासाची असते, कारण सारखं जावं लागतं. जिथे संडास लांब आहे, तिथल्या म्हाताऱ्या माणसाला आदल्या रात्री दवाखान्यातच ठेवून घ्यायला सांगा. तपासणीच्या वेळी गुंगीचं इंजेक्शन देतात, साधारण अर्धा तास लागतो. बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात.

भगताकडे जाणाऱ्यांशी भांडू नका. भगतालाही बोलवा आणि सांगा, ‘बाबा, तुमच्याकडे कोणी रक्त जातं म्हणून आलं, तर तुमचं जे आहे ते करा, पण आमच्याकडेही पाठवा.’ माझा अनुभव असा, की मान देऊन सांगितलं तर बरेच जण पाठवतात. बाजारात बसणाऱ्या इलाजवाल्यांबद्दल मात्र लोकांना स्पष्ट सांगा. तपासल्याशिवाय जो जाळतो, बांधतो, इंजेक्शन टोचतो, त्याच्याकडे जाऊ नका.

निदान झाल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, पैसे कुठून आणायचे? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि शेक यांचा समावेश आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत द्या. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथेच आधी जायला सांगा. मुंबईत परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून या कामात आहे. पण पाड्यावरच्या माणसाला मुंबईत पहिल्यांदा एकटं पाठवणं म्हणजे वाटेत हरवायलाच पाठवणं. सोबत एक जाणता माणूस हवा. मिशनने त्यासाठी माणसं तयार करावीत, अशी माझी फादरना जाहीर विनंती आहे.

दुसरी अडचण भट्टीची. शस्त्रक्रियेनंतर काहींना तीन ते सहा महिने केमो लागतो. मध्ये दिवाळी येते, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, अख्खं कुटुंब भट्टीवर जातं आणि उपचार अर्धवट राहतात. अशा कुटुंबाची यादी पाड्यावरच्या शिक्षकांकडेही असू द्या. ते कुठल्या भट्टीवर गेलेत, हे शाळेतल्या मुलांकडून लगेच कळतं.

तिसरी भीती, पोटावरच्या पिशवीची. काही शस्त्रक्रियांत शौचाचा मार्ग पोटावर काढावा लागतो. काहींना तो तात्पुरता असतो, काहींना कायमचा. त्या भीतीने माणसं शस्त्रक्रियाच नाकारतात. पिशवी लावलेली माणसं शेत करतात, लग्नात नाचतात, मुलं सांभाळतात. ती वेळेवर बदलायची आणि भोवतालची कातडी कोरडी ठेवायची, एवढं शिकावं लागतं. आपल्या भागात असा कोणी असेल आणि त्याची तयारी असेल, तर नव्या पेशंटशी त्याची गाठ घालून द्या. माझ्या दहा वाक्यांपेक्षा त्याचं एक वाक्य पेशंटला जास्त धीर देतं.

शिक्षकांना आणखी एक विनंती. आश्रमशाळेच्या ताटात आठवड्यातून दोन-तीनदा नागलीची भाकर, उसळ आणि हंगामातली रानभाजी येऊ द्या. त्याने सगळे आजार टळतील असं नाही. पण नागली हे गरिबाचं, लाजायचं अन्न नाही, हे मुलांना शाळेतूनच कळलं पाहिजे.

जाताना तुमच्या वहीच्या मागच्या पानावर ते चार प्रश्न लिहून घ्या. पुढच्या मेळाव्याला येताना मला एवढंच सांगा, की किती जणांना विचारलं, आणि किती जणांना पाठवलं. पाठवलेल्यांपैकी बहुतेकांना मूळव्याधच निघेल. तेव्हा हसत परत या, तो आनंदाचाच निकाल आहे. पण त्या सगळ्यांत एक जण असेल, ज्याच्याकडे तुमच्याशिवाय कोणी लक्ष दिलं नसतं. त्याच्यासाठी बाकी सगळ्यांना विचारायचं आहे.

आता तुमचे प्रश्न घेतो. सर्वांसमोर विचारायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, नाव नको.